मागून बोलून राहिली होती

माझ्या नोकरीत मी एकदा चार दिवस एका बाईचा शोध घेतला. ती बाई म्हणजे एका पिकअप गाडीचा तुटलेला एक्सल निघाला. ही चूक माझी एकट्याची होती, हाताखालच्या कोणाचा तीत काडीचाही वाटा नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्या वेळच्या कागदपत्रांत मी ते इतक्या स्पष्टपणे लिहिलं नव्हतं.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. त्यातलं पुष्कळसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. ही एवढीशी अपघाताची केस मात्र अजून तारीखवार आठवते, आणि आठवली की कानशिलं गरम होतात.

साल सत्तरच्या दशकातलं. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. फौजदार म्हणून नागपूरला बदलून आलो, त्याला अठरा दिवस झाले होते. तेवढ्यात मला नागपूर कळलं आहे असं माझं मत झालं होतं. संत्री खाऊन झाली होती, इथल्या तिखटाला नावं ठेवून झाली होती, आणि इथली माणसं आपलंच मराठी जरा घाईनं बोलतात, असा निष्कर्षही काढून झाला होता. सगळं रामायण त्या निष्कर्षानं घडवलं.

डिसेंबरातली सकाळ होती. दहाच्या सुमारास ठाण्यात वर्दी आली की जुन्या शहरातल्या विणकरांच्या गल्लीत पिकअप गाडी एका घराच्या ओट्यावर चढली आणि ओट्यावर बसलेला माणूस जखमी झाला. मी हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार इथलाच, नोकरी पंचवीस वर्षांची, माझ्यापेक्षा वयानं आणि अकलेनं मोठा. यातली दुसरी गोष्ट मला चार दिवसांनी कळली.

जखमी झालेला माणूस साठीच्या घरातला विणकर. ओट्यावर बसून सुताच्या कांड्या भरत होता. त्याचा डावा पाय बंपर आणि ओट्याच्या मधे सापडला होता. त्याला सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. गाडी तिथंच होती, मागच्या डाव्या अंगानं बसलेली. ते चाक बाहेरच्या बाजूला कललं होतं आणि त्याला फिरवणारा लोखंडी दांडा, म्हणजे एक्सल, आतल्या आत तुटला होता. डाल्यात, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, संत्र्यांचे रिकामे पेटारे. पुढचा बंपर मात्र जेमतेम दबलेला. ओट्याचाही एक कोपराच तेवढा उडालेला. गल्लीतल्या पाच जणांनी सांगितलं की गाडी माणूस चालतो तेवढ्याच वेगानं येत होती.

गाडीचा मालक संत्र्यांचा व्यापारी. तो माझ्या आधी येऊन पोचला होता.

"साहेब, एक्सल चांगला दणकट होता," तो म्हणाला. "या ड्रायव्हरनं गाडी ठोकली म्हणून तुटला. बेदरकार चालवते हा."

बंपर भाकरी दुमडावी तेवढाच वाकलेला, आणि मनगटाएवढ्या जाडीचा दांडा मोडून पडलेला. हे काही जुळत नव्हतं. तशी नोंद मी वहीत केली होती, पान अजून माझ्याकडे आहे. पण तासाभरानं मला जे सापडलं त्यापुढे लोखंडाकडे बघायला कोणाला वेळ होता?

चालक तिशीचा, मौद्याकडच्या खेड्यातला. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी त्याला माझ्या खोलीत घेतलं, दार लावलं आणि हवालदाराला पंचनाम्याच्या नकला करायला बसवलं. चौकशी साहेबानं एकट्यानं करायची असते, असं मला वाटायचं.

"अपघात कसा झाला?"

"मागून बोलून राहिली होती, साहेब," तो म्हणाला. "आठ रोजापासून."

माझी पेन्सिल थांबली. आमच्याकडे 'राहिली' म्हणजे मुक्काम केला. इथं 'बोलून राहिली' म्हणजे नुसतं 'बोलत होती', हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

"आठ दिवस राहिली होती?"

"हो जी. मी मालकाले सांगतलं, हिचं काही खरं नाही, कोनाले तरी दाखवून टाका. मालक म्हने, बोलू दे. सीझन जाऊ दे, मंग पाहू."

"मग?"

"मंग काय. मी तिच्यापायीच हळू चालवत होतो. माझं सारं ध्यान मागंच. गल्लीच्या वळणावर आलो अन् एकदम चिल्लावली. अन् चूप झाली. त्याच्यानंतर माझ्या हातात काही नाही राह्यलं, साहेब."

किंचाळली, आणि गप्प झाली. मी साध्या अपघाताला म्हणून आलो होतो आणि पाय भलत्याच ठिकाणी पडला होता. शक्य तितक्या थंडपणे मी विचारलं, "आता कुठे आहे ती?"

त्यानं माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं. "हे काय, बाहेर अंगणात पडली आहे ना. तुमीच तर आनली ओढून."

मी उठून खिडकीतून पाहिलं. अंगणात ओढून आणलेली गाडी, दोन सायकली आणि कडुनिंब. दुसरं काही नाही. पोरगं माझी टर उडवतंय असं वाटलं. मी मागं फिरलो आणि त्याच्या कानाखाली एक दिली. त्या थपडेची नोंद कुठल्याही स्टेशन डायरीत नाही, म्हणून इथं करतो.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. "बाई कोण होती?" असं विचारलं की एवढंच म्हणायचा, "कोन्ती बाई, साहेब? मले नाही माहीत." मी लिहिलं, आरोपी आता साफ इन्कार करीत आहे.

त्या काळी जबाब शुद्ध मराठीत उतरवून घ्यायची पद्धत होती आणि मला माझ्या शुद्ध मराठीचा अभिमान होता. मी उतरवलेला जबाब असा: 'माझ्या गाडीच्या मागील भागात एक स्त्री आठ दिवसांपासून राहिली होती. ती बोलत असे. तिची प्रकृती ठीक नसल्याने तिला वैद्यास दाखवावे असे मी मालकास सुचविले. मालकाने नकार दिला. घटनेच्या वेळी सदर स्त्री किंचाळली व गप्प झाली.' 'एक स्त्री' हे दोन शब्द माझे. वैद्यही माझाच. खाली नेहमीची ओळ, की वाचून दाखवला, सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचून दाखवला नव्हता.

हवालदाराला मी तपासाची दिशा समजावून सांगितली.

"बाई? गाडीत?" तो म्हणाला.

"आठ दिवस."

"डाल्यात, पेटाऱ्याइच्या मधे?"

"हो."

त्यानं खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "मंग जेवत कुठं होती, साहेब?"

हा प्रश्न मला क्षुल्लक वाटला. मी त्याला डाल्याची झडती घ्यायला पाठवलं. तळाच्या फळ्यांच्या फटीत हिरव्या काचेच्या बांगडीचे तीन तुकडे सापडले. मी ते रुमालात ठेवले, पंच बोलावले, लाखेची मोहोर लावली. हवालदार म्हणाला, "साहेब, संत्र्याच्या तोडीले बाया याच गाडीतून नेतात. अशा बांगड्या तर नागपुरातल्या हर डाल्यात भेटतात." मी त्याला म्हटलं, अनुभवानं माणूस कधी कधी आंधळा होतो. आता लिहायला लाज वाटते, पण म्हटलं खरं.

मग मालकाला बोलावलं. या भेटीनं तर माझी उरलीसुरली शंकाही गेली. मी सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "आठ दिवसांपासून तुम्हाला तिच्याबद्दल माहीत होतं."

तो पांढराफटक पडला. "कोनी सांगतलं?"

"चालकानं. तो म्हणाला होता दाखवून घ्या. तुम्ही म्हणालात, सीझन जाऊ दे."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, तुमी नवीन आहा इथं. सीझनमधे कोन थांबवते? सारेच तसं चालवतात. चालते तोवर चालवाची."

"सगळेच?"

"सारेच. माझी एकट्याची नाही."

मी त्याला बाहेर बसवलं. नागपूरच्या संत्र्याच्या व्यापाराबद्दल त्या दुपारी माझ्या मनात काय काय आलं, ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी चालकाला कोर्टात उभं करून मी पोलीस कोठडी मागितली. न्यायदंडाधिकारी विदर्भातलेच, मोजकं बोलणारे. अर्ज वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाईचं नाव?"

"अज्ञात, साहेब."

"वय?"

"तपास सुरू आहे."

"बाई होती हे कशावरून?"

"आरोपीच्याच सांगण्यावरून."

त्यांनी चालकाला विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? त्यानं मान हलवली, नाही. त्यांनी नाखुशीनंच शुक्रवारपर्यंतची कोठडी दिली.

आजूबाजूच्या ठाण्यांना मी बिनतारी संदेश पाठवला. बेपत्ता स्त्रीचं वर्णन द्यावं लागतं आणि माझ्याकडे तर काहीच नव्हतं. वय माहीत नाही, रंग माहीत नाही, कपडे माहीत नाहीत. शेवटी, हातात होतं तेवढं लिहिलं: स्वभाव बोलका. खापरखेड्याकडून उत्तर आलं, अशी कोणी आढळली नाही. मौद्याच्या ठाणेदारानं कळवलं, 'येथील सर्व स्त्रिया बोलक्या आहेत. कोणती पाठवावी?'

बुधवारी कोणीतरी खबर दिली की हुडकेश्वरला एका विहिरीत काहीतरी जड पडल्याचा आवाज आला होता. हुडकेश्वर तेव्हा साधं खेडं होतं, चारी बाजूंनी शेतं. पंप लावून मी ती विहीर उपसली. अख्खं गाव काठावर जमलं. तळाशी तीन बादल्या, एक घागर आणि एका म्हाताऱ्याची पितळी पानडबी निघाली. म्हाताऱ्यानं डबी ओळखली आणि माझे पाय धरले. सरपंचानं वरिष्ठांना पत्र लिहिलं की फौजदारसाहेबांनी गावची विहीर विनामूल्य साफ करून दिली, असे अधिकारी दुर्मीळ. या तपासात मला मिळालेली ती एकच शाबासकी, आणि ती माझ्या सेवापुस्तकात अजून आहे.

शुक्रवार उजाडला. दुपारी तीनला कोर्ट. कोठडी वाढवून मागायची तर काहीतरी हातात हवं, नाहीतर खुनाच्या संशयाचा माझा सगळा डोलारा कोसळणार. चालक गजांआड भिंतीला टेकून बसलेला. डबा घेऊन त्याची बायको रोज मौद्याहून यायची आणि काही न विचारता परत जायची. ठाण्यात गाडीतल्या बाईची गोष्ट पसरली होती, ती तिच्याही कानावर गेली असणार. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं डबा हवालदाराच्या हाती दिला आणि नवऱ्याकडे न बघता निघून गेली. चालक तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, आता बोलेल.

गाडीची यांत्रिक तपासणी अजून राहिली होती. मोटार वाहन निरीक्षक रजेवर होते. कागद पुरा व्हावा म्हणून हवालदार म्हणाला, "एक मिस्त्री आनतो, साहेब. पंच म्हनून सही बी करन." मी म्हटलं आण, पण लवकर.

मिस्त्री सत्तरीचा. खाकी हाफपँट, पांढऱ्या मिशा, पायात टायरच्या चपला. चाळीस वर्षं घणाच्या आवाजात काढल्यामुळे ठार बहिरा. त्याच्याशी बोलायचं तर आधी खांद्याला हात लावायचा आणि मग कानाशी ओरडायचं. आत येता येता तो आमच्या जीपपाशी थांबला. ड्रायव्हरनं ती नुकतीच सुरू केली होती. मिस्त्रीनं कमरेला खोचलेला हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याची लाकडी मूठ दातांत धरली, टोक इंजिनाला टेकवलं आणि डोळे मिटले. देवळात उभा असल्यासारखा तो क्षणभर उभा होता. मग मूठ तोंडातून काढून म्हणाला, "पान्याचा पंप. पंधरा रोज."

मी हसलो. जीप सोळाव्या दिवशी भर रस्त्यात बंद पडली, पाण्याच्या पंपानंच. मधे एक दिवस ती धुवायला म्हणून उभी होती.

त्यानं पिकअपचं मागचं चाक काढलं आणि एक्सलचे दोन्ही तुकडे ओढून फरशीवर ठेवले. तेल आणि काळपट चिकटा. मुद्देमालाची चिठ्ठी असल्या तेलकट वस्तूवर चिकटत नाही, म्हणून मी एका शिपायाला सांगितलं की दोन्ही तोंडं रॉकेलनं धू आणि पॉलिश पेपरनं घासून चकचकीत कर. कोर्टात वस्तू नीटनेटकी दिसली पाहिजे, हा माझा बाणा. शिपाई पेपर घेऊन बसला. मिस्त्रीनं त्याचं मनगट धरलं.

"घासू नोको गा," तो म्हणाला. "मले वाचू दे."

वाचू दे. मला वाटलं, म्हातारा काहीतरी भलतंच बोलतो आहे.

त्यानं चुन्याची डबी काढली, तिचं पत्र्याचं झाकण शर्टाला पुसलं आणि उन्हात धरून त्याचा कवडसा त्या तुटलेल्या तोंडावर पाडला. "या, साहेब. बसा इथं."

मी उकिडवा बसलो. आयुष्यात इतक्या वस्तू जप्त केल्या, पण एखाद्या वस्तूकडे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. एका कडेला सुईच्या टोकाएवढा डाग होता. त्या डागापासून रेघा निघाल्या होत्या, एकीच्या पुढे एक, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. बारीक, गुळगुळीत, काळसर. त्या रेघांनी पाऊणएक तोंड व्यापलं होतं. उरलेला पाव भाग मात्र खडबडीत, ताज्या फोडलेल्या खडीसाखरेसारखा चमकत होता.

मिस्त्रीनं नख त्या डागावर ठेवलं. "इथून सुरू झालं. हा टाका हाय, वेल्डिंगचा. एक्सलले कोनी टाका मारत नाही, साहेब. बदलवते. कोन्या शहान्यानं टाका मारून चालवला." नख पुढे सरकलं. "मंग तो चिरत गेला. हे रोजचं वझं. हे पाहा, रेघा दाट हायेत, म्हनजे गाडी जास्त चालत नव्हती. इथं पातळ झाल्या, माल वाढला." नख एका जाड, तांबूस रेघेशी थांबलं. "अन् इथं गाडी उभीच होती. हालली नाही. पानी लागलं अन् जंग चढला. पंधरा रोज तरी. पावसाळ्यात."

मी त्याच्या कानाशी ओरडलो, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यानंच," तो लोखंडाला हात लावून म्हणाला.

मी उठलो, गजांपाशी गेलो. चार दिवसांत चालकाशी पहिल्यांदाच आवाज न चढवता बोललो. "पावसाळ्यात गाडी कधी उभी होती का?"

त्यानं आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोळ्याच्या आदी. मले टायफाइड झाला होता. गाडी मालकाच्या वाडीत उघड्यावर होती. सोळा-सतरा रोज."

मी परत येऊन बसलो. पोळ्याच्या आधीचे सतरा दिवस या दांड्यानं लिहून ठेवले होते. खाडाखोड नाही, स्वतःचा एक शब्द घातलेला नाही. आणि तो सारा मजकूर मी पाच मिनिटांपूर्वी पॉलिश पेपरनं पुसायला निघालो होतो.

मिस्त्रीनं त्या खडबडीत, चमकत्या भागावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली तो जवळजवळ झाकला गेला. "अपघाताच्या दिवशी एवढाच जोडलेला होता. एवढ्यानं गाडी धरून ठेवली होती. ठोकल्यानं तुटला नाही, साहेब. तुटला म्हनून ठोकली. हळू चालवत होता म्हनून मानूस वाचला."

मग त्यानं झाकण डबीला लावलं आणि सहज, उठता उठता म्हणाला, "पन ही आठ रोजापासून मागून बोलून राहिली असन. टक-टक. ड्रायव्हरले ऐकू येते ते. त्यानं सांगतलं नाही काय तुमाले?"

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहिलं.

"मिस्त्री," हवालदार त्याच्या कानाशी ओरडून म्हणाला, पण डोळे माझ्यावर, "अन् तुटतानी काय करन ती?"

"चिल्लावन," मिस्त्री म्हणाला. "अन् मंग चूप."

हवालदार हसला नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीतला सगळा संयम त्यानं त्या एका मिनिटात खर्च केला. फक्त हळूच म्हणाला, "साहेब, ते बांगडीचे तुकडे… मोहोर फोडू काय?"

मालकाला पुन्हा बोलावलं. आता मी 'ती' म्हणालो तेव्हा कोणाबद्दल बोलतो आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं टाक्याचं साफ नाकारलं. "एक्सल असाच आला होता, मले काय मालूम." मिस्त्रीनं तो डाग त्याच्यासमोर धरला. "हा टाका डाव्या हातानं मारला हाय. लाटा उलट्या गेल्या, पाहा. आपल्या लाइनीत डाव्या हाताचा वेल्डर एकच. बोलावू त्याले?" मालक टोपी काढून बसला. दिवाळीआधी त्यानंच टाका मारून घेतला की मागच्या उन्हाळ्यात, एवढाच वाद उरला, आणि तो डावखुऱ्या वेल्डरनं येऊन मिटवला. मागच्या उन्हाळ्यातच. पावसाळ्याची तांबूस रेघ टाक्याच्या नंतरची होती; लोखंडाच्या हिशेबात चूक नव्हती.

तीन वाजता कोर्टात मी उभा राहिलो. सांगितलं की आरोपीविरुद्ध पुरावा नाही, सुटका व्हावी.

"आणि ती स्त्री?" न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

"मिळाली, साहेब."

"कुठं?"

"गाडीखालीच होती."

त्यांनी माझा तो जबाब पुढे ओढला आणि सावकाश वाचला. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. माझं शुद्ध मराठी ते मनातल्या मनात परत आपल्या बोलीत नेत असावेत, कारण मधेच थांबून त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं डोळे पुसले. मग चालकाला विचारलं, "तू काय म्हणाला होतास गा यांना?"

"मागून बोलून राहिली होती, साहेब."

"बरोबर," ते म्हणाले आणि सुटकेच्या हुकमावर सही केली.

बाहेर पायऱ्यांवर मी चालकाला थांबवलं. चूक झाली, असं म्हणालो. अधिकारी म्हणतो तसंच म्हणालो, म्हणजे कोणाची ते न सांगता. तो म्हणाला, "लायसन द्या, साहेब." ते माझ्याच खिशात होतं. चार दिवस माझ्या छातीशी राहून ते घामानं मऊ झालं होतं. त्यानं ते उघडून पाहिलं, बंद केलं. "अन् माझ्या घरी एक सिपाई पाठवा," तो म्हणाला. "बाई नव्हती म्हनून सांगाले. माझ्या सांगन्यानं ती आता नाही मानाची." मी शिपाई पाठवला नाही. स्वतः गेलो. मौद्याच्या पुढे तीन मैल, त्याच्या अंगणात उभा राहून त्याच्या बायकोला सांगितलं की ती गाडी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला पाणी दिलं. गूळ दिला नाही.

मग विणकराचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो. पाय प्लास्टरात. म्हणाला, "गल्लीतून जाये तवा आयकत होतो मी तिले. दोन-तीन रोज. मागाची पावडी तुटाच्या आदी अशीच बोलते. मी पोरीले म्हनलं होतं, ही गाडी बसनार हाय कुठंतरी. माझ्याच ओट्यावर बसन, हे नाही मालूम होतं." पावडी म्हणजे मागाखाली पायानं दाबायची फळी. हे मी विचारून घेतलं. जबाब मी त्याच्याच शब्दांत लिहिला, 'आयकत' आणि 'तिले' यांसकट. माझ्या हातून लिहिला गेलेला तो पहिला खरा जबाब. सरकारी वकिलांनी वाचून विचारलं, फौजदार, तुमचं शुद्धलेखन बिघडलं काय? मालकाला पुढे शिक्षा झाली ती मुख्यतः त्या दांड्याच्या आणि या जबाबाच्या जोरावर. विणकराचा पाय जुळला. थोडा आखडला, पण तो पुन्हा मागावर बसला.

त्यानंतर तीस वर्षं मी नोकरी केली. जबाब माणसाच्याच तोंडच्या शब्दांत लिहायचा, न कळलेला शब्द त्यालाच विचारायचा आणि वाचून दाखवायचा म्हणजे खरोखर वाचून दाखवायचा, हा नियम मी मोडला नाही. हाताखालच्यांना तो शिकवला. तो कुठून आला ते मात्र सांगितलं नाही. आणि अजूनही रस्त्यात एखादी गाडी टकटक करत गेली की थांबतो. या गावात मोडणारी वस्तू आधी बोलते, आणि विणकरापासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यांना ते ऐकू येतं, या गोष्टीचं नवल काही कमी होत नाही.

मिस्त्रीला मात्र मी सगळं सांगितलं. केस संपल्यावर त्याच्या गॅरेजात गेलो, चहा मागवला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन पहिल्यापासून सांगत गेलो. बाई, वैद्य, बांगड्या, विहीर, स्वभाव बोलका. शेजारच्या चार गॅरेजांतली कामं थांबली, कारण मी ओरडत होतो. त्यानं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी तर बहिरा हाव, साहेब," तो म्हणाला. "तुमाले काय झालं होतं?"